महिपती फिटरचा अकरा वर्षांचा विचार

सोलापुरातल्या एका कापडगिरणीत महिपती फिटर होता. दुरुस्त झालेल्या मागाचं चाक स्वतः हातानं फिरवून बघितल्याशिवाय तो पट्टा चढवू देत नसे. खात्याचा मुकादम जॉबर ओरडो, साहेब घड्याळ दाखवो, महिपती आपला मागाखाली उताणा. "आदी हातानं, मग पट्ट्यानं," एवढंच खालून ऐकू यायचं.

देवाच्या बाबतीतही त्याचा हाच खाक्या. बायको मुक्ताबाईनं बाप्तिस्मा घेऊन अकरा वर्षं झाली होती. हाही दर रविवारी तिच्याबरोबर चर्चला जाई, मोडकी बाकं नीट करी, घंटेला तेल घाली, गाणं तर सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गाई. पण दर नाताळाआधी शिवलिंगप्पा पाळक विचारीत, "महिपती, देव मनुष्य झाला, हे मानतोस का?" आणि हा म्हणे, "विचार करून सांगतो."

"अरे, किती विचार!"

"देव खाली आला, पटतंय. माणसाचं सोंग घेतलं असंल, त्ये बी पटतंय. पर तुमी म्हणता सोंग न्हाय, खराच माणूस झाला. तितं माझं चाक अडतंय बगा."

प्रभुभोजनाची भाकरी बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच मिळे. ती घ्यायला मुक्ताबाई पुढं जाई, हा मागच्या बाकावर बसून राही. यंदा मात्र तिनं सांगून टाकलं, "अकरा वरसं त्यो भाकरीचा तुकडा एकटीनं खाल्ला. औंदा तुमी न्हाय, तर मी बी न्हाय. बसते मागंच, तुमच्यापाशी."

महिपतीला ते फार लागलं. आपल्यापायी तिचा घास सुटणार! नुसतं 'व्हय' म्हटलं की काम होत होतं. पण न तपासलेला माग त्यानं कधी 'चालू' म्हणून सांगितला नव्हता, मग देवाच्या दारात कसा सांगावा?

मग त्यानं स्वतःला कामात गाडून घेतलं. नाताळच्या देखाव्यासाठी त्यानं बाळ येशूला ठेवायची, आपोआप झुलणारी गव्हाण बनवली. पडद्यामागं दोरीला विटा टांगायच्या. त्या सावकाश खाली येताना चाक फिरवणार, चाक गव्हाण हलवणार. देवाच्या बाळाला माणसाचा हात कशाला लागायला हवा? बाळ म्हणून मिशनच्या मडमेनं मेणाची बाहुली दिली होती. उजेड कसा पडतो ते बघायला महिपतीनं ती गॅसबत्तीशेजारी ठेवली, आणि तासाभरानं बाळाचं नाक हनुवटीवर आलं.

देखाव्याला दोन तास उरले होते. शेजारच्या शिवम्माची दीड महिन्याची लेक आणली.

"अवो, पोरगी हाय ती!" मुक्ताबाई म्हणाली.

"गुंडाळल्यावर कुणाला कळतंय?"

पोरगी बाहुलीच्या चौपट जड. महिपतीनं अंदाजानं तीन विटा वाढवल्या. हातानं फिरवून बघायला वेळच नव्हता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यानं यंत्र तसंच सोडलं.

गाणं सुरू झालं, गव्हाण हलली. पहिला झोका बरा गेला. दुसऱ्याला गव्हाणीच्या धक्क्यानं मेंढपाळ झालेल्यांच्या काठ्या उडाल्या. तिसऱ्याला बाळानं असा टाहो फोडला की गिरणीचा भोंगा बरा. बाळाची आई मरिया झालेल्या दाक्षायणी मास्तरीणबाईंनी जन्मात तान्हं मूल उचललेलं नव्हतं. त्या हात जोडून तशाच बसून राहिल्या.

"अगं उचल की तिला!" शिवम्मा मागून ओरडली.

पडद्यामागून महिपतीनंच उडी घेतली, एका हातानं चाक धरलं, दुसऱ्यानं पोर उचललं. मान मागं कलंडली. त्यानं चाक सोडून घाईनं तळवा खाली धरला. अख्खं डोकं तळव्यात मावलं. पोरगी गप्प झाली, आणि लगेच त्याच्या नव्या कोटावरून ऊन ऊन धार वाहिली.

लोक हसून हसून लोळले. महिपती मात्र तसाच पाळकांसमोर जाऊन उभा राहिला.

"पाळकसाहेब, त्येची मान बी अशीच लटपटत हुती?"

"हो तर. कुणीतरी धरली म्हणून राहिली."

"आन् ह्ये?" त्यानं कोट दाखवला.

पाळकांनी क्षणभर वर छताकडं बघितलं. "तेही. सगळं."

महिपती त्या एवढ्याशा डोक्याकडं बघत राहिला.

"मग सोंग न्हाय," तो हळूच म्हणाला. "सोंग घेणारा आपली मान आपण सांबाळतो. दुसऱ्याच्या हातात देत न्हाय. मानतो मी."

मुक्ताबाईनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग तोच पदर नाकाला लावत म्हणाली, "आदी त्यो कोट काढा."

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या सकाळी बाप्तिस्मा झाला आणि दोघं बरोबर भोजनाला पुढं गेली. भाकरीचा तुकडा देताना पाळकांनी हळूच विचारलं, "हातानं फिरवून बघितलंस ना रे?"

"बगितलं की," महिपती म्हणाला. "कोट अजून दोरीवर हाय."