ताटावरचं नाव

अकोल्याच्या जठारपेठेतली नीलम केक सजवायला शिकली ती मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, आणि शिकली म्हणजे काय, तर सुरुवातीला तिचा गुलाब थेट फुलकोबीसारखा दिसायचा. केक फिरवायला उपडा घातलेला डबा, आणि हात असा कापायचा की नाव सरळ सुरू होऊन कडेवरून खाली लोंबायचं. नवरा प्रीतम म्हणायचा, "हे अक्षर पाहून लेकरू हासते का रडते, पाहून ये एकदा." पण बाई चिवट. स्टीलचं ताट उपडं घालायची, त्यावर क्रीमनं नाव काढायची, सुरीनं खरवडून क्रीम परत पिशवीत भरायची, की पुन्हा काढायची.

सरावाला नाव मनात येईल ते. एकदा 'आर्वी' काढलं. संध्याकाळी फोन आला, पोरीचा वाढदिवस आहे, नाव आर्वी. 'रुद्र' काढलं, तर रुद्रची आई दारात. आधी तिला गंमत वाटली. मग मुद्दाम कधी न ऐकलेलं 'स्वरांश' काढून पाहिलं आणि त्याचीही ऑर्डर आली, तेव्हा मात्र ती घाबरली. शेजारच्या दुर्गाबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत.

"तू लिवते अन् लेकरं येतात. येऊ दे," त्या म्हणाल्या. "फक्त लेकराच्या नावावर सुरी नोको फिरवू, माय."

तेव्हापासून नीलम ताटावरचं नाव बोटानं पुसू लागली.

एक नाव मात्र तिनं ताटावर कधी उतरू दिलं नव्हतं. प्राजक्ता. लग्न झालं त्या वर्षीच ते तिनं आपल्या मुलीसाठी राखून ठेवलं होतं, आणि मूल काही होत नव्हतं. ते ताटावर काढलं तर प्राजक्ता दुसऱ्याच्या घरी जाईल, या विचारानंच तिच्या अंगावर काटा यायचा.

अमरावतीच्या डॉक्टरांनी शेवटचे रिपोर्ट पाहिले आणि आता आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नीलमनं ताट उपडं घातलं. आता राखायचं तरी कुणासाठी? 'क्त' तिला कधीच साधत नसे, पण आज हात जराही कापला नाही. इतकं देखणं अक्षर तिनं जन्मात काढलं नव्हतं. ती पाहत बसली होती, तेवढ्यात फोन वाजला.

बाईचा आवाज होता. ओळखीचा, पण कुणाचा ते आठवेना. "पोरीचा पयला वाढदिवस हाये उद्या. प्राजक्ता लिवा."

नीलमनं ताटाकडे पाहत विचारलं, "तुमचं नाव काय?"

"नीलम."

फोन बंद झाला आणि तिला आवाज ओळखू आला. गिऱ्हाइकांना ती व्हॉइस मेसेज पाठवायची, त्यात जो ऐकू येतो तो. तिचा स्वतःचाच.

केक तिनं केला. दुसरा दिवस उतरला तरी न्यायला कुणी आलं नाही. "कोनीतरी मस्करी केली तुयी," प्रीतम म्हणाला. "काप, खाऊन टाकू." तिनं मान हलवली. तो चपला घालून बाहेर पडला, तिनं आतून कडी लावली. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होतं की कुणी येऊच नये. कुणी आलं नाही, तर प्राजक्ता दुसऱ्या कुणाची नव्हती.

दिवेलागणीला तिनं पाट मांडला, समोर केक ठेवला आणि निरांजन लावायला आत गेली. परत आली, तर केकच्या कडेला क्रीममध्ये एक चरी पडली होती. अगदी इवल्या बोटाची. कडी तशीच होती.

नीलम पाटासमोर बसली. निरांजन हातातच होतं आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"जराशी थांबली असती तं," ती रिकाम्या पाटाकडे पाहून म्हणाली. "औक्षण व्हाचं होतं न अजून, माय."