काट्यावरचा माणूस

पहाटे चारला मुकादमाचा दिवस उजाडायचा. गोदामाचं दार उघडायच्या आत तो दारात हजर. पोतं पाठीवर उचलत नाहीत, मांडीवर उचलतात. पाठ फक्त वाहते, हे नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी शिकवायचा. कंबरेत वाकून कोणी हात घातला की ओरडायचा, "अरे, बैस आधी! पोत्याला मुजरा करायला आलायस का?"

वयाने हमाली सुटली तरी चारची जाग सुटली नाही, आणि ताटही तेवढंच राहिलं. ओझं गेलं, भूक राहिली. दर सोमवारी मात्र तो गोदामात जायचा आणि मालाच्या मोठ्या काट्यावर उभा राहायचा. काटेवाला त्याचा जुना सोबती. तो आकडा वाचायचा आणि म्हणायचा, "तेवढंच! मुकादम, तुम्ही माणूस आहात की वजनाचं माप?"

मुकादम खूश. आयुष्यभर या काट्याने त्याची मजुरी ठरवली होती. व्यापारी खोटं बोलला, मालक बोलला, काटा कधी बोलला नाही.

घरी बायको त्याच्या पँटची शिवण तिसऱ्यांदा उसवत बसली होती.

"अहो, पोट सुटलंय तुमचं."

"वजन तेवढंच आहे. काट्यावर बघून आलोय."

"मग पँट काय आटली?"

मुकादमाने सदरा खाली ओढला. बाह्या दंडावर ढगळ झाल्या होत्या, मांड्या वाळल्या होत्या. पण ते बेरजेत कुठे दिसत नव्हतं.

मग चालताना पोटरी धरू लागली. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापर्यंत गेला की पायात गोळा यायचा. तो थांबायचा, तंबाखू मळत मांडलेल्या चपला न्याहाळायचा, कळ ओसरली की पुढे निघायचा. दुकानदार एकदा म्हणाला, "मुकादम, एक जोड घेऊनच टाका. रोज नुसतं चपलांचं तोंड काय बघता?"

बायको दवाखान्याचं नाव काढायची. तो म्हणायचा, "बसून गंज चढलाय. दुखण्याने माणूस रोडावतो. मी रोडावलोय का?"

गंज काढायला तो एका सोमवारी पोत्यापाशीच गेला. बसला, मिठी घातली, श्वास धरला. पोतं गुडघ्यापर्यंत आलं आणि मांडीने दगा दिला. पोतं निसटून पायाच्या बोटांवर पडलं. नवी हमाल पोरं हसली. काटेवाला हसला नाही. "मुकादम, घरी जा," एवढंच म्हणाला.

जखम छोटीशी होती. हळद भरली, फडकं बांधलं. असल्या जखमा तो काम करता करता विसरायचा. ही मात्र विसरू देईना. बोट निळं झालं, मग काळं. रात्री पाय खाटेवरून खाली लोंबता सोडला तरच डोळा लागायचा. शेवटी बायकोने रिक्षा बोलावली आणि त्याला विचारलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी पोटाचा घेर फितीने मोजला. मग दंडाचा रक्तदाब घेतला आणि घोट्याचाही. घोट्याशी जवळजवळ काही लागतच नव्हतं.

"चालताना पाय कधीपासून दुखतोय, बाबा?"

मुकादमाने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "दीड वर्ष झालं."

"आणि आत्ता आणताय?"

"वजन कमी झालं नव्हतं," मुकादम म्हणाला.

बाईंनी फीत गुंडाळून ठेवली. मग सावकाश म्हणाल्या, "वजन तेवढंच राहिलं, पण आतला माल बदलला. हातापायांचं मांस झिजलं आणि तेवढीच चरबी पोटात बसली. काट्याला दोन्ही सारखंच. ही पोटातली चरबी नुसती बसून राहत नाही, रक्तवाहिन्या खराब करते. त्यात तुमची तंबाखू. पायाच्या वाहिन्या आतून कडक झाल्यात, चोंदल्यात. रक्तच पोचत नाही, मग जखम भरणार कशी?"

"औषधाने मोकळ्या होतील?"

"दुखायला लागलं तेव्हा आला असतात, तर चालण्याने आणि औषधाने पुष्कळ काम झालं असतं. आता आधी वाहिनी उघडून बघू. पाय राहतो का, ते त्यावर."

वाहिनी उघडली, पण उशीर झाला होता. गुडघ्याखालून पाय गेला.

काटेवाला भेटायला आला. खाटेच्या कडेवर बसून म्हणाला, "मीच दर वेळी आकडा वाचत होतो, मुकादम."

"तू बरोबरच वाचत होतास," मुकादम म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

घराच्या दोन खोल्यांवर पक्कं छत घालायचं म्हणून हमाली सुटताना मिळालेले फंडाचे पैसे बाजूला ठेवलेले होते. आधी ते वाहिनीच्या ऑपरेशनला गेले, मग पाय कापायला. उरले त्यातून एक पाय आला: गुडघ्याखाली पट्ट्यांनी बांधायचा, टोकाला रबरी पाऊल. जन्मभर दुसऱ्यांचा माल वाहून मिळवलेल्या मजुरीतून मुकादमाने स्वतःसाठी घेतलेली तेवढी एकच मोठी वस्तू.

बायकोने तो पुसून खाटेला टेकवून ठेवला.

"जपून वापरा," ती म्हणाली. "दुसरा घ्यायला आता काही नाही."