त्वरित ताबा

मंडळी, आज शाळेच्या लायब्ररीत पाचवीच्या मुलांना कॉम्प्युटरवर माहिती शोधायला शिकवत होते. म्हटलं, आपापल्या गावाचं नाव टाका. आणि जे वाचाल त्यावर प्रश्न विचारा, नुसतं खरं मानू नका.

वैष्णवीनं ‘चऱ्होली’ टाकलं. स्क्रीनभर फ्लॅटच्या जाहिराती आल्या. ती खाली खाली बघत गेली.

"मॅडम, यात आमचं गावच न्हाई."

मी लायब्ररीची कपाटं धुंडाळली. तिच्या गावावर एकही पुस्तक सापडलं नाही.

परत आले, तर ती एक जाहिरात मोठ्यानं वाचत होती. "त्वरित ताबा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, कुणाचा ताबा?"

प्रश्न विचारायला मीच शिकवलं होतं.

चऱ्होलीत माझाही फ्लॅट आहे. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?