दुपारी बाराची दिवेलागण

माझं मनगटावरचं घड्याळ मी बदललं नाही, तिथून सगळा घोळ सुरू झाला असं आमच्या घरात म्हणतात. मी म्हणते, घोळ त्याच्या आधीच झाला होता. फक्त मला कोणी सांगितला नव्हता.

तुम्हाला आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारख्या चकरा माराल. माझ्या मुलाला ब्रिटनमध्ये नोकरी आली होती, उत्तरेकडच्या एका शहरात. महिनाअखेरीला हो की नाही ते कळवायचं होतं. हे मुलाला ठाऊक, सुनेला ठाऊक. मला मात्र एवढंच सांगितलं, “आई, जूनची सुट्टी आहे, गाडी भाड्याने घेऊ आणि बारा दिवस ब्रिटन फिरू.” मी खूश. मी चिवडा केला.

आता यात माझं काय, तर ते तिकडे गेले की मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. सिंगापूरला मुलाच्या नोकरीवर मला राहण्याचा पास मिळाला, सात वर्षं झाली, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये मी आहे. नात दोन वर्षांची होती तेव्हा आले, आता ती नऊची आहे. पण तिकडे म्हाताऱ्या आईला असं घेऊन जाता येत नाही म्हणे. पाहुणी म्हणून जायचं आणि सहा महिन्यांच्या आत परत फिरायचं. परत म्हणजे पुण्याला, बंद फ्लॅटचं कुलूप उघडून, गाद्यांवरच्या चादरी झटकून, एकटीने.

तर हे सगळं गाडीच्या डिकीत होतं, आणि त्याच्यावर माझा चिवडा.

लंडन दोन दिवसांत आटपलं आणि आम्ही वेल्समधल्या एका खेड्यात मुक्कामाला पोचलो. गावाचं नाव वाचताना मुलाची जीभ दोनदा अडकली, मग त्याने नाद सोडला. घर छान होतं. भिंतीवर सूचना लावलेली: चपला बाहेर, खिडकी जपून उघडा, मेणबत्ती लावू नये. मी मेणबत्ती लावणार नव्हतेच. मी निरांजन आणलं होतं, आणि तुपात भिजवलेल्या फुलवातींचा एक डबा.

पुंगोलला बारा महिने सातच्या सुमाराला अंधारतं. जून असो की डिसेंबर, दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे. सात वर्षांत मला खिडकीबाहेर बघावंही लागलं नाही. घड्याळात सात वाजले की हात धुवायचे, निरांजन लावायचं, नातीला हाक मारायची. ती एक पाढा म्हणते, नमस्कार करते आणि पुन्हा तिच्या टॅबवर. तेवढंच. पण तेवढं रोज.

वेल्समध्ये सात वाजले, ऊन. आठ वाजले, ऊन. नऊ वाजता समोरच्या टेकडीवर मेंढ्या चरताहेत, जशा काही दुपारचे चार वाजलेत. मी निरांजन मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.

“आई, झोपा ना आता,” सून म्हणाली.

“दिवेलागण व्हायचीय.”

“ती दहाला होईल बहुतेक.”

“मग आपण जेवायचं कधी?”

“जेवलो आपण, आई. दोन तास झाले.”

खरंच की. बटाट्याचं काहीतरी खाल्लं होतं. पण उजेडात खाल्लेलं जेवण माझ्या डोक्यात रात्रीचं म्हणून जमाच होईना. शेवटी खुर्चीतच माझा डोळा लागला आणि दिवा राहिला. लंडनला दोन दिवस हॉटेलच्या जाड पडद्यांआड सातला उरकला होता, इथे मात्र सात वर्षांत पहिल्यांदा राहिला.

सकाळी मी शांतपणे विचार केला. दिवा कुठला? घरचा. घर कुठे? पुंगोलला. माझं घड्याळ अजून पुंगोलचंच दाखवत होतं. पुंगोलला सात वाजतात तेव्हा इथे दुपारचे बारा. झालं तर मग! आणि दुपारी आपण रस्त्यावर असतो, म्हणजे घरातल्या सूचनेचाही प्रश्न नाही.

बारा वाजता मी गाडी थांबवायला सांगितली.

“आई, भर दुपारी दिवा?” मुलगा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला.

“घरी सात वाजलेत.”

“पण घरी कोणीच नाहीये.”

“म्हणून तर मी लावतेय.”

त्याने गाडी कडेला घेतली. नात मात्र तिच्या सिंगापुरी वळणाने म्हणाली, “आजी, सन इज देअर लाह! दिवा कोणाला दिसणार?” पण पठ्ठी उतरली माझ्याबरोबर. वारा इतका, की काडी पेटेना. मग तिने छत्री उघडून आडवी धरली, मी दगडी कुंपणाच्या आडोशाला स्टीलच्या डब्यात निरांजन ठेवलं आणि तिने तेराचा पाढा म्हटला. पलीकडून एक मेंढी ऐकत होती. नमस्कार करून, फुंकर न मारता, वात आपोआप शांत होईपर्यंत आम्ही थांबलो. दिव्याला फुंकर मारायची नाही हे मुलाला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला.

मग हे रोजचंच झालं. बारा वाजत आले की सून गंमत करायची, “चला, संध्याकाळ झाली, जागा शोधा.”

पण मला काही गोष्टी कळेनात. लोक किल्ले बघतात, तळी बघतात. आम्ही उत्तरेकडे सरकलो तसे हे दोघे भलतंच बघायला लागले. एका शहरात आम्ही किल्ला सोडून एका साध्या गल्लीत गेलो. दोन्ही बाजूंना एकसारखी विटांची घरं. गाडी हळू चालवायची, काच खाली करायची आणि दोघांनी गप्प बसायचं. मी विचारलं, “इथे कोण राहतं आपलं?” “कोणी नाही, रस्ता चुकलो,” मुलगा म्हणाला. रस्ता चुकलेला माणूस घाबरलेला असतो. हा घरांचे दरवाजे मोजत होता.

दुकानात सून डाळींच्या फळीपुढे उभी राहिली ती राहिलीच. मुक्कामाच्या घरात तिने ओट्याखालचं कपाट उघडून हाताने मापं घेतली. मी म्हटलं, “अगं, दोन दिवसांसाठी आलोय आपण, कपाट काय करायचंय?” ती म्हणाली, “असंच, कुकर मावेल का बघत होते.” आता सुट्टीवर आलेल्या बाईला कुकर कशाला? मला वाटलं, थकलीये बिचारी.

सातव्या दिवशी, बाराला पाच मिनिटं कमी असताना, आम्ही एका शाळेच्या गाडीतळावर होतो. मुलगा आणि सून “जरा बाथरूमला जाऊन येतो” म्हणून आत गेले. दोघेही एकदम. शाळेत! मी म्हटलं, या देशाची काहीतरी पद्धत असेल. नात छत्री घेऊन उतरली, मी भिंतीशी डबा मांडला. पलीकडे मुलांची जेवणाची सुट्टी चालली होती. दहा-बारा पोरं जाळीला नाकं लावून उभी राहिली.

दार उघडून एक उंच बाई बाहेर आल्या, मागोमाग माझा मुलगा आणि सून. दोघांचे चेहरे असे, की दुधाची पिशवी हातातून पडलीये. बाईंनी आधी ज्योतीकडे पाहिलं, मग छत्रीकडे, मग माझ्याकडे. आग लावतेय म्हणून रागावतील असं वाटलं. पण त्या वाकून नातीला इंग्रजीत म्हणाल्या, म्हणजे मला जेवढं कळलं तेवढं असं, की हे फार सुंदर आहे, तू जानेवारीत आमच्याकडे आलीस की वर्गात सगळ्यांना दाखवशील ना?

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी मुलाकडे पाहिलं. मुलाने दिव्याकडे पाहिलं.

“आजी, जानेवारीत आपण इथे येणार?” नातीने विचारलं.

आपण, म्हणाली ती.

गाडी सुरू झाली. पुढे रस्त्यातलं गोल वर्तुळ आलं आणि मुलगा बाहेर पडायची वाट विसरला. आम्ही तीनदा फिरलो. नकाशावाली बाई दर वेळी तेच सांगत होती, तो दर वेळी पुढे जात होता. मला आमच्या पुंगोलच्या एलआरटीची, त्या छोट्या गाडीची, आठवण झाली. ती पण गोलच फिरते, उलट्या बाजूची धरली तरी माणूस उशिरा का होईना, घरच्या स्टेशनवर उतरतो. इथे मात्र तीन फेऱ्या मारून आम्ही एका चहाच्या गाडीपाशी पोचलो.

“सांगणारच होतो, आई,” मुलगा म्हणाला.

“कधी?”

“ठरलं की.”

“आणि ठरलंच नसतं तर?”

“तर सांगायची गरज नव्हती ना.”

हे मला बरोबर वाटलं आणि अजिबात बरोबर वाटलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं, पासचं, सहा महिन्यांचं, पुण्याच्या फ्लॅटचं. पुण्यात स्वयंपाकाला बाई ठेवू, कॅमेरा बसवू. आणि म्हणाला, “तू बोल. तुला काय वाटतं?”

सात वर्षांत मला मेथी आणू की पालक याच्या पुढचं कोणी विचारलं नव्हतं. तक्रार नाही हं, मी सुखात होते. पण एवढा मोठा प्रश्न हातात आल्यावर तो कुठे धरायचा ते कळेना. आईने म्हणायला हवं, जा बाबा, तुझं भलं होऊ दे. मला तेच म्हणायचं होतं. आणि मला त्याचवेळी त्या बाईंचा, त्या शाळेचा, त्या गुळगुळीत गाडीतळाचा राग येत होता.

“चहा पाणचट आहे,” मी म्हणाले.

तिथून आम्ही स्कॉटलंडला गेलो. डोंगरात रस्ते इतके अरुंद की एकच गाडी जाईल. मध्ये मध्ये बाजूला थांबायला जागा केलेल्या. समोरून कोणी आलं की एकाने त्या जागेत थांबायचं, दुसऱ्याने हात करून निघून जायचं. आमच्या समोर एक म्हातारं जोडपं आलं. मुलगा मागे जाऊन जागेत थांबला. ते पण मागे जाऊन त्यांच्या जागेत थांबले. याने दिवे मिचकावले, या तुम्ही. त्यांनी दिवे मिचकावले, या तुम्ही. मधला सगळा रस्ता रिकामा. शेवटी दोघेही एकदम निघाले आणि मधोमध नाकासमोर नाक. सून हसता हसता रडायलाच लागली. मला वाटलं हसतेय. ती रडत होती.

मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तुला काय हवंय गं?” हे मी तिलाही कधी विचारलं नव्हतं.

“खरं सांगू, आई? मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल. म्हणजे मला म्हणावं लागणार नाही.”

“तुझी सिंगापूरची नोकरी सोडावी लागेल म्हणून?”

“त्यासाठी, आणि... मला माहीत नाही. कधी वाटतं जावं. त्या दुकानात हिंगसुद्धा होता.”

मुलगा गाडी मागे घेत म्हणाला, “मला वाटत होतं तुम्हा दोघींना जायचंय, फक्त बोलत नाही आहात.”

“मी कशाला जायचंय म्हणू? मला तर नेणारच नव्हतात!” मी म्हणाले, आणि मग मलाच हसू आलं.

त्या दिवशी बारा वाजता तळ्याकाठी दिवा लावला तेव्हा मी मनाशी ठरवून मुलाला म्हटलं, “जा तुम्ही. मी राहीन पुण्याला.”

“मनापासून म्हणतेस?”

“मला काय माहीत? म्हणून पाहिलं.”

“कसं वाटलं?”

“थंडी वाजतेय, त्यामुळे नीट कळलं नाही.”

आम्ही परत आलो. विमानातून उतरले तर माझं घड्याळ आपोआप बरोबर. बाकी सगळे आपापली झोप शोधत फिरत होते, मी पहिल्या संध्याकाळी सातला दिवा लावला. नातीने खिडकीतून अंधाराकडे बोट दाखवून म्हटलं, “सी, आजी, आता करेक्ट!” नोकरीचं कोणी बोलेना. मी पण विचारलं नाही. रोज वाटायचं आज सांगेल. पुण्याच्या फ्लॅटच्या किल्ल्या मी कपाटातून काढून पर्समध्ये ठेवल्या, मग पुन्हा कपाटात, मग पुन्हा पर्समध्ये.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी फुलवातींसाठी कापूस आणायला लिटिल इंडियाच्या बाजारात गेले होते. येताना डोक्यात हेच, आणि पुंगोलला एलआरटी उलट्या बाजूची धरली. सगळं गोल फिरून आमच्या स्टेशनवर उतरले तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झालेली. अंधार पडलेला. लिफ्टमध्ये मी स्वतःलाच बोलत होते, आज पुन्हा राहिला दिवा.

दार उघडं होतं. देव्हाऱ्यात निरांजन पेटलेलं, आणि मुलगा ऑफिसच्या कपड्यांत त्याच्यापुढे उभा. तूप खाली सांडलेलं.

“सात वाजले होते,” तो म्हणाला. “तू नव्हतीस.”

मी पिशवी ठेवली. “कळवलंस?”

“कळवलं. नाही म्हणून.”

“माझ्यासाठी?”

“त्या गोल वर्तुळांसाठी. रोज तीन फेऱ्या मारून ऑफिसला कोण जाणार?”

मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. जन्मल्यापासून बघतेय ते तोंड, पण मला काही म्हणजे काही वाचता आलं नाही. स्वयंपाकघरातून सून बाहेर आली, तिच्याकडे बघितलं, तिथेही तेच. आनंद झाला मला, खोटं कशाला सांगू. इतका झाला की लाज वाटली. तळ्याकाठी ‘जा’ म्हणाले ते अजून जरा जोरात म्हणायला हवं होतं का, हे मला आजही समजत नाही.

निरांजनात दोन वाती होत्या.

“दोन कशाला रे?”

“पहिली पेटेचना. मग दुसरी ठेवली, तर दोन्ही पेटल्या.”

विझवायची तर नाही. मी सांडलेलं तूप पुसलं, नातीला हाक मारली, आणि दोन्ही वाती संपेपर्यंत आम्ही चौघं तिथेच उभे राहिलो.