एकाच खुर्चीच्या चार किमती

नोकरीची सगळी वर्षं मी नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात काढली. आमच्याकडे त्याला नुसतं प्रेस म्हणतात. माझं काम तपासणीचं. छापून आलेले ताव समोर यायचे आणि त्यात खोट शोधायची. शाई फाकली का, आकडा सरकला का, कडेची रेघ तुटली का. शंभर ताव चांगले निघाले म्हणून कोणी शाबासकी देत नसे, पण एक वाईट सुटला की साहेबांचं बोलावणं यायचं. संध्याकाळी सुटताना फाटकात झडती. हात वर, खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं. पहिल्या वर्षी अपमान वाटला. पुढे वाटायला लागलं की जगातल्या सगळ्यांचीच रोज अशी झडती झाली तर बरं होईल.

घरीही मी तसाच. दुधाचं माप, किराण्याचा काटा, लाइटचं बिल, सगळं दोनदा बघायचं. बायको म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तर देवाला आधी हात वर करायला लावाल." मला त्यात काही वावगं वाटत नसे. संशय घेतल्याने माझं कधी नुकसान झालं नव्हतं.

आमची मुलगी नर्स होऊन लंडनला गेली आणि तिथे तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. मुलगा आपल्याकडचाच होता, पण जातीतला नव्हता. मी दोन दिवस चिडलो आणि गप्प बसलो. बायकोने मात्र वर्षभर मुलीला पत्र लिहिलं नाही. मुलीची पत्रं यायची, ती माझ्याकडून वाचून घ्यायची आणि उत्तर मी लिहायचो. तिच्या पत्राच्या शेवटी असलेल्या "आई काय म्हणते?" या प्रश्नाला मी दर वेळी "बरी आहे" असं लिहायचो. मग ऐंशीनंतरच्या एका दिवाळीत पत्र आलं की तिला दिवस गेलेत, डॉक्टरांनी मार्चचा मध्य सांगितला आहे. त्या वेळी बायकोने पत्र माझ्या हातातून घेतलं, आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिला येता येत नाही, तर मी जाते."

तिने स्वतःच्या हाताने तसं लिहिलं. मुलीचं उत्तर एका ओळीचं होतं. "आई, खरंच येशील?"

जावयाने तिकडून तिकीट काढून पाठवायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. लेकीच्या घरचा पैसा घ्यायचा नाही, आणि त्यातून ज्याला अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं त्याचा तर नाहीच. फंडातले आणि साठवलेले मिळून एका तिकिटापुरते पैसे माझ्याजवळ होते. एकापुरतेच.

मेन रोडजवळ एका पहिल्या मजल्यावर विमानाची तिकिटं काढून देणारा एजंट बसत असे. टेबलावर काचेखाली जगाचा नकाशा, बाजूला पितळी विमान. त्याने मला समजावलं. पुढे पहिला वर्ग, तिथे पाय पसरून झोपता येतं. त्याच्या मागे नुकताच निघालेला मधला वर्ग, कंपनीच्या पैशाने फिरणाऱ्यांचा. आणि सर्वांत मागे आपण. इथवर मला कळलं. आगगाडीतही वर्ग असतात. पण मग त्याने सांगितलं की त्या मागच्या वर्गातही भाडी चार. वर्षभर कधीही जा, कधीही या, ते सर्वांत महाग. ठरावीक दिवसांत परत यायचं, ते त्याहून कमी. आधी पैसे भरून तारीख पक्की करायची, ती बदलायची नाही, ते आणखी कमी. आणि वाटेत अरबांच्या देशात आठ तास बसायची तयारी असेल तर त्याहूनही कमी.

"खुर्ची वेगळी?" मी विचारलं.

"नाही काका, तीच."

"जेवण?"

"तेच."

"मग अर्ध्या भाड्यात कसं परवडतं त्यांना?"

"खुर्ची रिकामी उडण्यापेक्षा बरं ना."

मी म्हटलं, "आमच्याकडे नोटा जास्त छापल्या म्हणून शंभराची नोट कोणी पन्नासला देत नाही." तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही. जो माणूस पैशाच्या गोष्टीत हसतो त्याच्यापासून मी चार हात लांब राहतो.

घरी येऊन मी वहीत तक्ता आखला. वर्ग, भाडं, थांबे, तास, सामानाचं वजन. शेवटचा रकाना ठेवला शंकांचा, आणि तोच सर्वांत आधी भरला. सुट्टी टाकून दोनदा मुंबईला गेलो आणि तीन विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत उभा राहिलो. टाय घातलेल्या माणसांनी जाडजूड पुस्तकातून भाडी वाचून दाखवली. आधी पैसे भरायचं ते तिकीट तिन्हीकडे एकाच भावाचं होतं आणि नाशिकचा एजंट तेच तीन हजारांनी कमी सांगत होता. का? मुंबईत विचारलं तर टायवाला म्हणाला, "एजंट काय देतो ते एजंटला विचारा." एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "आम्ही आमच्या कमिशनातून सोडतो." स्वतःच्या कमिशनातून तीन हजार सोडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

असा डिसेंबर गेला, निम्मा जानेवारी गेला. घरात डिंकाचे लाडू बांधून झाले. अळीव, बाळंतकाढा, जुन्या सुती साड्यांची मऊ दुपटी, सगळं एका पेटीत बसवून झालं. बायको माझ्या वहीकडे बघून म्हणाली, "अहो, पोर काही तुमच्या तक्त्यासाठी थांबणार नाहीये."

शेवटी जानेवारीच्या अखेरीला मी एजंटाकडे पैसे मोजले आणि तिकीट घेतलं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख, थेट विमान. बायकोने मुलीला ताबडतोब तारीख कळवली. मला वाटतं त्या चार दिवसांत ती जितकी हसली तितकी वर्षभरात हसली नव्हती.

रविवारी सकाळी मी तिकीट घेऊन खिडकीपाशी बसलो. छोट्या पुस्तकासारखं होतं ते, पातळ पानं, मागे लाल कार्बन. भिंग काढलं. क्रमांक सगळ्या पानांवर एकच, नाव बरोबर, तारीख बरोबर, छपाई स्वच्छ. मग खाली भाड्याच्या चौकोनात आलो. तिथे आकडा होता, पण मी दिलेल्या पैशांचा नव्हता. तीन हजारांनी मोठा होता.

हे दुसऱ्या कोणाच्या घरी झालं असतं तर लोक खूश झाले असते. जास्त किमतीचं तिकीट कमी पैशांत मिळालं म्हणून पेढे वाटले असते. मी मात्र भिंग पुन्हा पहिल्या पानापासून फिरवलं. आमच्या धंद्यात कागदावर जो आकडा छापला तीच त्या कागदाची किंमत, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. आकड्यापेक्षा स्वस्तात जो कागद विकला जातो तो एकाच जातीचा असतो, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं. तो सिन्नरकडचा, माझ्याहूनही जुना तपासनीस. घास तसाच हातात धरून तो म्हणाला, "शंभराची नोट सत्तरला कोण इकतं, भाऊ? खोटी छापणाराच ना? ह्ये लय वाईट काम हाय. इमानतळावर वहिनींनाच धरतील."

एवढंच बाकी होतं. बायको विमानतळावर पोलिसांच्या गराड्यात उभी आहे आणि तिची पेटी उघडून कोणी लाडू फोडून बघतंय, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्या दिवशी सुटल्यावर झडती देऊन मी घरी न जाता तसाच बस पकडून एजंटाकडे गेलो.

त्याने पुन्हा तेच सांगितलं. कंपनीने ठरवलेलं भाडं छापावंच लागतं, आम्ही कमिशन सोडतो ते छापत नाही, सगळीकडे असंच चालतं. मी म्हटलं, सगळीकडे चालतं हे तर चोरही म्हणतात. आवाज चढला. बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती उठून उभी राहिली. मी पोलिसांचं नाव काढलं. त्याबरोबर त्याचं हसणं गेलं. तिकीट स्वतःकडे ओढून तो म्हणाला, "ठीक आहे काका. विश्वासच नाही तर नका जाऊ. रद्द करतो. पैसे कंपनीकडून येतील, सहा-आठ आठवडे लागतील, थोडे कापूनही घेतील."

तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "करा रद्द."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात तसेच परातीत ठेवून तिने विचारलं, "तिकीट खोटं होतं?"

"असणार."

"होतं का असणार?"

मी डब्याची पिशवी खुंटीला लावली. ती म्हणाली, "मी तिला तारीख कळवली आहे हो." आणि पुन्हा मळायला लागली. त्या रात्रीच्या पोळ्या फार जाड झाल्या होत्या आणि मी त्या मुकाट्याने खाल्ल्या.

मुलीला कळवायचं बायकोनेच ठरवलं. सीट मिळाली नाही, थोडं मागेपुढे होईल, असं लिहिलं. माझं नाव त्यात कुठेही नव्हतं. मी दुसरीकडून पैसे उभे करायला पाहत होतो, पण एवढी रक्कम प्रेसमधल्या माणसाला हातउसनी कोण देणार? मार्चमध्ये तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नंतरच्या पत्रातून कळलं की दोन दिवस कळा चालल्या, जावई कामावर होता, आणि ज्या इस्पितळात ती स्वतः नोकरी करत होती तिथेच ती एकटी होती.

पैसे एप्रिलच्या सुरुवातीला परत आले, एजंटाने सांगितल्याप्रमाणे थोडेच कापून. त्या वेळी पहिल्यांदा मला वाटलं, आपलंच चुकलं. लुच्चा माणूस पैसे परत करत नाही. तरीही मी त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही. मुंबईला कंपनीच्या कचेरीत जाऊन, कमी पडलेल्या पैशांसाठी प्रेसच्या पतसोसायटीचं कर्ज काढून, वर्षभर चालणारं सर्वांत महाग तिकीट घेतलं. दिलेले पैसे आणि छापलेला आकडा तंतोतंत जुळत होते. भिंगाखाली बघून माझं समाधान झालं, हे लिहायची आज लाज वाटते.

बायको गेली आणि पाच महिन्यांनी आली. आल्यावर मी विचारलं, खुर्ची कशी होती? ती म्हणाली, "खुर्चीसारखी." मग सांगितलं की शेजारी सटाण्याकडची एक बाई होती. "मन्हा आंडोर तठे शे," म्हणून तिकडे असलेल्या मुलाचं कौतुक सांगत होती सारखी. तिचं तिकीट आपल्याच त्या पहिल्या मजल्यावरच्या एजंटाचं होतं. आकडा मोठा, पैसे कमी. "तिला कोणी धरलं नाही," बायको म्हणाली. "आम्हा दोघींना जेवणही एकच दिलं."

खरी गोष्ट तिने आणखी आठ दिवसांनी सांगितली. मी प्रेसमधून आलो होतो, ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "गेले त्या दिवशी दारातच पोरीने विचारलं, आई, तुला यायचंच नव्हतं ना तेव्हा? अजून राग होता ना? मी म्हटलं, नाही गं, सीट नव्हती. तिला पटलं नाही. पाच महिने तिचं सगळं केलं, तरी पटलं नाही."

"तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? बापही वाईट आणि आईही वाईट?"

मी पत्रात लिहिणार होतो. दोनदा कागद पुढे घेतला. पण अशी गोष्ट पत्रात खोटी वाटते, समोर सांगू, असं म्हणून ठेवून दिली. समोर यायला तिला सहा वर्षं लागली. नात मराठी बोलायची, पण आजीला जरा परकी होती. मुलगी आईशी नीट वागायची, विचारपूस करायची, आणलेल्या वस्तू हातात द्यायची. पाहुणी जशी वागते तशी.

एक दिवस बायको बाजारात गेली असताना मी मुलीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तक्ता, एजंट, चौकोनातला आकडा, सिन्नरकडच्या सहकाऱ्याचं बोलणं, पोलिसांची धमकी. काही लपवलं नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाली, "बाबा, तुम्ही किती चांगले आहात हो. आईला वाचवायला एवढं रचलंत. पण तिकिटावर जास्त पैसे छापले म्हणून जगात कोणी तिकीट परत करतं का?"

मी म्हटलं, "अगं, मी केलं."

ती हसली. दाखवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. ते तिकीट मी परत देऊन आलो होतो.