वर सोडलेल्या सळया

सोमवारी खोदाई सुरू होणार होती आणि त्याआधीच्या गुरुवारपर्यंत मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. प्रश्न नणंदेच्या मुलीचा होता. ती आर्किटेक्ट आहे. सोलापुरात कुंभारीच्या रस्त्याला आम्ही घेतलेल्या प्लॉटवरच्या घराचं काम तिच्याकडे दिलं होतं. नकाशा पक्का करण्याआधी तिने जीवनचक्र विश्लेषण करायला घेतलं. म्हणजे दगड खाणीतून निघतो तिथपासून घर पडून त्याचा राडारोडा होतो तिथपर्यंत प्रत्येक वस्तूमागे किती इंधन जळतं, किती कर्ब हवेत जातो, हे मांडायचं. भिंतींना जवळच्या खाणीतला दगड, खाली शहाबादी फरशी, खिडक्या पाडलेल्या घरातल्या जुन्या सागवानाच्या. इथवर आमचं जमलं.

"मामी, वरचा मजला कधी?" तिने विचारलं.

"होईल तेव्हा होईल."

"'होईल तेव्हा' असा आकडा नसतो."

तिचं म्हणणं सरळ होतं. वर मजला येणार असेल तर पाया आणि कॉलम आजच त्या वजनाचे करावे लागतात. त्यात सिमेंट आणि लोखंड वाढतं, आणि घरात सर्वांत जास्त इंधन खाणाऱ्या वस्तू त्याच. मजला आला तर ते सार्थकी लागतं, कारण दुसरं घर बांधावं लागत नाही. आला नाही, तर तो जादा पाया घर असेपर्यंत जमिनीत नुसता पडून राहतो. "घराचं आयुष्य मी साठ वर्षं धरलंय. त्या साठ वर्षांत वर कोण राहणार, एवढं सांगा."

वर मुलगा राहणार, हे घरात ठरलेलं होतं. कोणी ठरवलं आणि कधी, हे मला आठवेना. तो पुण्यात नोकरी करतो, तिथेच त्याने फ्लॅट घेतला आहे. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर तीस वर्षं काम केलं. घर जळालेल्या माणसांनाही प्रश्न विचारले. पण त्या चार दिवसांत फोन हातात घेत होते आणि खाली ठेवत होते. एका जागी बसवेना. चहा उकळून आटला तरी लक्षात आलं नाही. शेवटी सवयीने बाहेर पडले आणि मोजायला लागले. प्लॉटच्या गल्लीत एकोणीस घरं. सोळांच्या गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया वर सोडलेल्या. काहींवर बाटल्या पालथ्या घातलेल्या, काहींना दोरी बांधून कपडे वाळत टाकलेले. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंना विचारलं, वर कधी बांधणार?

"बांधायचं की! पोरगं येऊ द्या."

"कुठे असतो?"

"बंगळूरला. घर बांधलं तवा पाळण्यात हुता."

गुरुवारी सकाळी मुलाला फोन लावला. "पुढच्या साठ वर्षांत सोलापुरात राहायला येणार आहेस का?"

तो हसला. "आई, मुलाखत घेतेस काय?"

"हो किंवा नाही."

ऑफिसातला गलका मागे पडला, तो बाहेर आला असावा. "नाही," तो म्हणाला. "पण बाबांना एवढ्यात सांगू नकोस."

भाचीला मी एकमजली कळवलं. नवऱ्याला सांगितलं, तिच्या हिशेबात दुसरा मजला बसत नाही. दाबलेली बातमी मला ओळखू येते. ही मीच दाबली होती. ते "बरं" म्हणाले आणि तिने मांडलेल्या कोष्टकाकडे पाहिलंही नाही. बार्शीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. न तपासता आकडा मान्य करणारा हा माणूस नव्हे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

काही महिन्यांनी स्लॅब टाकून झाला. पाणी मारायला गच्चीवर गेले, तर प्रत्येक कॉलमवर दोन-दोन हात सळया उभ्या. मिस्त्रींना विचारलं.

"सरांनीच सोडा म्हटलं, मॅडम. आन् बरोबरच हाय की. वाढतं घर असतंय. मुंडकं छाटल्यालं घर लई वंगाळ दिसतंय."

"पाया एकाच मजल्याचा आहे ना?"

"व्हय. पाया कुणाला दिसतोय?"

भाची दुपारी आली आणि चिडली. "दिसत नाही, तेच तर! तीस वर्षांनी कोणीतरी या सळया बघणार, पाया आहे असं समजून वर मजला चढवणार. मामी, कापायला सांगा."

यजमान खाली जोत्यावर बसले होते.

"अहो, त्या सळया कापायच्या आहेत."

"राहू दे की."

मग मी सांगितलं. "तो येणार नाही. मी विचारलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू हिशेबाचं सांगितलंस, त्याच दिवशी मी त्याला फोन केला."

"मला बोलला नाहीत."

"तू बोललीस?"

"मग सळया कशाला?" मी विचारलं.

त्यांनी हातावरची सिमेंटची धूळ झटकली. "नवी पेठेत, बँकेत, लग्नात, भेटेल तो विचारतो, मुलगा कधी येणार. सळया असल्या की निदान गल्लीतले विचारत नाहीत."

मी सोळा गच्च्या मोजल्या होत्या. विचारलं होतं एकाच घरी.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मिस्त्रींना कटर घेऊन बोलावलं. तुकडे भंगारात जाणार होते. भाचीने ते वितळवून पुन्हा वापरण्याच्या रकान्यात टाकले. पहिल्या दोन कॉलमवरच्या सळया कापून झाल्या तेव्हा आवाज ऐकून कोपऱ्यावरच्या बाई त्यांच्या गच्चीच्या कठड्याशी आल्या. हातात ओली चादर होती.

"सर, वर न्हाय बांधणार व्हय?"

त्यांनी मिस्त्रींना थांबायची खूण केली. कटर बंद झाला.

"नाही," ते म्हणाले. "मुलगा येणार नाही."

आपल्या सळयांना बांधलेल्या दोरीवर बाईंनी चादर टाकली आणि तिचं टोक ओढून पुन्हा पुन्हा सरळ करत राहिल्या. मिस्त्री आमच्याकडे बघत होते.

"कापा," ते म्हणाले.