कोटा वहिनी

मला राग पटकन येतो आणि जाता जात नाही. आई म्हणायची, ही पोरगी उट्टं काढल्याशिवाय राहायची नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, पुढे जे लिहिलंय त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

माझ्या नवऱ्याचा कॉलेजमधला एक मित्र इथे सिंगापुरात, पुंगोलला राहतो. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि इथल्या आम्हा चार-पाच पुणेकर कुटुंबांचा स्वयंघोषित पुढारी आहे. सहल कुठे काढायची, गणपतीत कोणी काय करून आणायचं, सगळं तेच ठरवणार. मी त्यांना भावजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. स्कीइंगचं खूळही त्यांनीच आमच्या डोक्यात भरलं. बारा महिने घाम येणाऱ्या या गावात स्कीइंग शिकायचं म्हणजे मॉलमधल्या एका उतारावर, फिरत्या गालिच्यावर. गालिचा खालून वर सरकतो, आपण वरून खाली घसरतो, आणि तासाभराने असतो तिथेच असतो. दिवसभर नोव्हेनाच्या हॉस्पिटलात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढायचे आणि संध्याकाळी स्वतःची हाडं मोडायला इथे यायचं, असं नवरा चिडवायचा. पण मला ते आवडलं. आमच्या सगळ्यांत मला ते जास्त चांगलं जमायला लागलं, हेही सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

मॉलमधली ही स्कीइंगची शाळा डिसेंबरात शिकणाऱ्यांना जपानला नेते. तिथे खऱ्या बर्फावर या शिकणाऱ्यांच्याच देशवार मिश्र संघांची हौशी शर्यत असते. प्रत्येक संघात दोन पुरुष, दोन बायका. शेजारी शेजारी दोन वाटा, त्यांवर रोवलेले झेंडे, आणि त्यांना वळसे घेत बाईने बाईशी, पुरुषाने पुरुषाशी लढायचं. आधी खाली पोहोचेल त्याच्या संघाला गुण.

भारताचा संघ भावजींनी आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर जाहीर केला. ते स्वतः, आमच्यातला एक तरुण इंजिनिअर, एक फिजिओथेरपिस्ट मैत्रीण आणि मी.

"वहिनी का? तर नियमात दोन बायका लागतात," ते म्हणाले. "कोटा आहे बाबा, भरायलाच लागतो!"

सगळे खो खो हसले. तोंडात श्रीखंड असलेला माझा नवराही हसला. त्या दिवसापासून मी कोटा वहिनी झाले. ग्रुपवर कोटा वहिनी, सरावाला कोटा वहिनी. "थालीपीठं आणा हो, कोट्यातून तेवढं तरी मिळू दे." पोरंसुद्धा मला कोटा आंटी म्हणायला लागली, आणि त्यांना रागावून उपयोग नव्हता, कारण ती प्रेमाने म्हणत होती. हे नाव पुसायचं, एवढं एकच माझ्या मनात होतं. बुकित पंजांगच्या आमच्या घरून मी एकटी जास्तीच्या तासांना जायला लागले. थालीपीठं मात्र नेत राहिले.

जपानला शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी शिक्षकाने नियम समजावले. भावजी कोपऱ्यात फोनवर कुठल्यातरी क्लायंटला समजावत होते. बरोबरी झाली तर काय, ते मी नीट ऐकलं: प्रत्येक संघातल्या सर्वांत वेगवान बाईची आणि सर्वांत वेगवान पुरुषाची वेळ मिळवायची, ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. जेवताना मी भावजींना म्हटलं, "तो बरोबरीचा नियम जरा ऐकून ठेवा."

"वहिनी, नियम मला शिकवू नका," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुम्ही फक्त खाली पोहोचा."

मी पानातलं संपवलं आणि उठले.

आमची पहिली लढत सिंगापूरच्याच संघाशी लागली. सुरुवात माझ्यापासून. मी जिंकले, आणि अशी जिंकले की दिवसभरात कुठल्याच बाईला माझी वेळ गाठता आली नाही. मग आमचा इंजिनिअर वरच्याच वळणावर आडवा झाला. त्याची वेळच लागली नाही. फिजिओथेरपिस्ट मैत्रीण हरली. शेवटी राहिले भावजी.

खाली आमच्या संघाचा वॉकीटॉकी माझ्या हातात होता. वरून त्यांचा आवाज आला, "वहिनी, बर्फ कसाय?"

माझा अंगठा बटणावर होता. 'भावजी, समोरचा पडला तरी शेवटपर्यंत जोर लावा, तुमची वेळ मोजली जाणार आहे,' एवढंच म्हणायचं होतं. त्यांची सवय मला ठाऊक होती. जिंकतोय असं दिसलं की हा माणूस कॅमेरा शोधतो. मला श्रीखंड आठवलं, नवऱ्याचं हसू आठवलं.

"छान आहे," मी म्हटलं आणि बटण सोडलं.

अर्ध्या वाटेवर त्यांच्यासमोरचा गडी पडला. भावजींनी वळून पाहिलं, सरळ उभे राहिले आणि राजासारखे हळूहळू खाली आले. दोन्ही हात हलवत, बायकोच्या मोबाइलकडे बघून हसत. रेघ ओलांडून ते ओरडले, "जिंकलो!"

गुण सारखे झाले होते. बेरीज लागली. आम्ही हरलो आणि पहिल्याच फेरीत बाद झालो. मला मेडल हवं होतं, खूप हवं होतं, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून जे वाटलं ते मेडलने वाटलं नसतं.

संक्रांतीला पुन्हा पुंगोलला जमलो. भावजी नवीन पाहुण्यांना सांगत होते, "काय करणार, मिश्र संघ! बायका वेगात कमी पडल्या." मी त्यांच्याच बायकोला म्हटलं, "अगं, तो व्हिडिओ लाव ना टीव्हीवर, पाहुण्यांनी पाहिलेला नाही." तिने लावला. आधी माझी धाव, कोपऱ्यातल्या फलकावर वेळ. मग भावजी, हात हलवत, आणि कोपऱ्यात त्यांची वेळ.

"Uncle, why you wave, lah?" त्यांचाच धाकटा पुतण्या म्हणाला. "Race not finish yet!"

पोरं खिदळायला लागली. बाय-बाय अंकल, बाय-बाय अंकल! या वेळी माझा नवरा हसला तेव्हा मला राग आला नाही.

मी तिळगुळाचा डबा आणायला स्वयंपाकघरात गेले, तर भावजी मागोमाग आले. आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. तुम्हाला नियम माहीत होता. तेव्हा वॉकीटॉकीवर बोलला का नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात ना, फक्त खाली पोहोचा," मी म्हटलं आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "पोहोचले."